मीटर कुठं लावला?

व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स, व्होल्टेजला करंटनं गुणलं की वॉट. एवढं गणित सातवीतलं पोरही करील. मला ते आयटीआयच्या पहिल्या वर्षापासून येतं आणि परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी मार्कही पडलेत. पुढं तालुक्याच्या गावात इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं. शेगड्या, गिझर, विहिरीवरच्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, जे समोर येईल त्यावर तेच गणित चालवलं आणि त्याच गणितानं बऱ्याच जणांचं नुकसानही केलं. भागाकार किंवा गुणाकार चुकला असं फारसं झालं नाही. घोळ व्हायचा तो आकडे मांडायच्या आधीच.

शेगडीपासून सांगतो. खोल्या करून राहणारी कॉलेजची पोरं तेव्हा कॉइलच्या शेगडीवर भात शिजवायची. मातीची गोल वीट, तिच्यात नागमोडी खाच आणि खाचेत बसवलेली स्प्रिंगसारखी नायक्रोमची कॉइल. वर दूध उतू गेलं, मिठाचं पाणी सांडलं की कॉइल कुठंतरी तुटायची. नवी कॉइल आणायला पैसे नसायचे, म्हणून पोरं तीच जोडून मागायची. मी जळकं टोक तोडायचो, उरलेली कॉइल जराशी ओढून खाचेत बसवायचो आणि स्क्रूखाली आवळून द्यायचो. एका पोराच्या कॉइलचा असा चौथा हिस्सा तरी मी तोडून टाकला होता. तो म्हणाला, "दादा, चालंल का?" मी नुसतं हो म्हणून थांबलो नाही, त्याला शास्त्र ऐकवलं. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. तार कमी झाली म्हणजे रेझिस्टन्स कमी, म्हणजे उष्णता कमी. "भात जरा उशिरा शिजंल, पण लाईट बिल वाचंल."

दोन-चार दिवसांनी पोरगं रस्त्यात भेटलं तर खुशीत. पाणी आता आधीपेक्षा लवकर उकळतं म्हणालं. माझा जोड चांगला बसला असणार, असं मी मनात म्हटलं. महिना व्हायच्या आत कॉइल परत तुटली आणि या वेळी प्लगची पिनही वितळून सॉकेटला चिकटून बसली. खोलीमालकानं पोरांची शेगडीच बंद केली.

आता तेच गणित नीट मांडतो. 230 चा वर्ग 52,900. म्हणून 230 व्होल्टवर 1,000 वॉट देणाऱ्या कॉइलचा रेझिस्टन्स 52.9 ओहम आणि करंट साधारण 4.35 अँपिअर. चौथा हिस्सा तोडला की रेझिस्टन्स चाळिशीच्या खाली येतो, करंट 5.8 वर जातो आणि वॉट होतात 1,333. मी सूत्रातला करंट जागच्या जागी धरून ठेवला होता. घरात येणारी वीज करंट धरून ठेवत नाही, व्होल्टेज धरून ठेवते. रेझिस्टन्स घटला की करंट वाढणार, आणि करंट तर सूत्रात वर्गानं बसलाय. कॉइलच्या एकेका इंचावर पावणेदोनपटीच्या वर उष्णता पडत होती, तर ती टिकणार कशी? बिल वाचण्याचा मुद्दा त्या पोराला आठवत नसावा, अशी आशा आहे.

याच्या आधीची चूक आयटीआयतली. बल्बचा रेझिस्टन्स मोजा आणि त्यावरून वॉट काढून पडताळा, असं प्रॅक्टिकल होतं. शंभर वॉटचा पिवळा बल्ब. मल्टिमीटर लावला तर चाळीसच्या आसपास ओहम दाखवायला लागला. 230 भागिले 40 म्हणजे पावणेसहा अँपिअर, म्हणजे तेराशे वॉटच्या वर. शंभर वॉटचा बल्ब तेराशे वॉट कसा खाईल? मीटर खराब, असं ठरवलं. शेजारच्याच्या जर्नलमध्ये 529 ओहम लिहिलेलं होतं, शंभर वॉटला सूत्रानं येतं तेवढंच. मीही 529 लिहिलं. वर खरं वाटावं म्हणून त्याखाली दुसऱ्या बल्बला 527 आणि तिसऱ्याला 531 लिहिलं. सरांनी लाल पेनानं सही केली.

मीटर खराब नव्हता. बल्बमधली टंगस्टनची तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स चाळीसच असतो. पेटल्यावर ती अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तेव्हा तोच रेझिस्टन्स दहा-पंधरा पटींनी चढतो. 529 हा पेटलेल्या बल्बचा आकडा आहे आणि पेटलेल्या बल्बला ओहममीटर लावताच येत नाही. तो काढायचा तर चालू बल्बचं व्होल्टेज आणि चालू बल्बचा करंट मोजून भागाकार करावा लागतो. मी थंड तारेचा रेझिस्टन्स घेतला आणि त्याला तापलेल्या बल्बचं व्होल्टेज लावलं. त्या तेराशे वॉटमध्येही तथ्य होतं, फक्त बटण दाबल्यानंतरच्या अगदी पहिल्या क्षणापुरतं. जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच का जायचे, याचं उत्तर तिथंच आहे. माझ्या हाताशी ते आलं होतं आणि मी ते खोडरबरानं पुसलं. नायक्रोमचं तसं नाही. ती लाल झाली तरी रेझिस्टन्स थोडाच हलतो, म्हणून शेगडीची कॉइल थंड मोजली तरी चालतं. हा फरक कळायला मला दुकान टाकून बराच काळ जावा लागला.

ज्याच्या नावानं नियम आहे त्या जॉर्ज सायमन ओहमचंही पहिल्यांदा चुकलं होतं, हे पुढं कधीतरी वाचनात आलं तेव्हा जरा बरं वाटलं. जर्मनीत कलोनच्या शाळेत शिकवणारा हा मास्तर. 1825 मध्ये त्यानं तारेची लांबी आणि करंट यांच्या संबंधावर पहिला निबंध छापला, त्यातलं सूत्र लॉगरिदमचं होतं आणि चुकीचं होतं. कारण तो व्होल्टाच्या पद्धतीची बॅटरी वापरत होता आणि त्या बॅटरीचं व्होल्टेज करंट घेताच ढासळायचं. ज्याला तो स्थिर समजत होता तेच हलत होतं. पोगेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञानं सुचवल्यावरून त्यानं बॅटरी सोडून बिस्मथ आणि तांब्याचा थर्मोकपल घेतला. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर तापमानातला फरक हलत नाही, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. 1826 मध्ये त्याला बरोबर नियम सापडला, 1827 मध्ये पुस्तक आलं आणि त्यावर मायदेशात लोकांनी नाकं मुरडली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं ते 1841 मध्ये. आपण शाळेत त्याचा नियम एका ओळीत शिकतो. बर्फ आणि उकळतं पाणी कशाला लागलं, हे कोणी सांगत नाही.

पिवळ्या स्वस्त मल्टिमीटरचा किस्सा थोडक्यात उरकतो, कारण तो जवळजवळ प्रत्येक वायरमनचा आहे. लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात राहून गेली होती आणि मी व्होल्टेज बघायला ती सॉकेटमध्ये घातली. ठॉप असा आवाज, निळा उजेड आणि लाल वायरीच्या टोकाची सुई अर्धी गायब. मीटर उघडून बघितला तर दहा अँपिअरच्या भोकाच्या मागं इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली एक जाड तार आहे, बस्स. फ्यूज नाही. तसं भोकाशेजारी बारीक अक्षरात छापलेलंही होतं. त्या तारेचा रेझिस्टन्स ओहमच्या शंभराव्या भागाएवढा. करंट मोजायचा तर मीटर वाटेत घालायचा असतो आणि व्होल्टेज मोजायचं तर दोन टोकांना लावायचा, हे मी इतरांना शिकवत होतो. हातात तेव्हा रबरी मोजे नव्हते, डोळ्यांवर चष्माही नव्हता. एमसीबी पडली म्हणून हे लिहायला राहिलो.

विहिरीची गोष्ट मात्र सविस्तर सांगावी लागेल, कारण तिथं दुसऱ्याचे पैसे गेले. आमच्या शिवारातले एक आबा, त्यांची विहीर मीटरच्या खोलीपासून तीनशे मीटरवर. एक एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल, अडीच एमएमची तांब्याची केबल. दुपारी मोटार चालायची, संध्याकाळी आख्ख्या गावाचा लोड आला की बसायची. आबा म्हणायचे, "मिस्त्री, नुसती हुं हुं करतीया, पाणी उचलत न्हाई."

मी खोलीत जाऊन पॅनेलवर व्होल्टेज बघितलं. मोटार बंद, व्होल्टेज 228. उत्तम. मग केबलचा हिशेब केला. अडीच एमएमच्या तांब्याच्या तारेला किलोमीटरमागं साधारण 7.4 ओहम, म्हणून तीनशे मीटरला 2.2. मोटार घेते सात अँपिअर. 2.2 गुणिले 7 म्हणजे पंधरा व्होल्ट केबलमध्ये पडणार, मोटारीला 213 मिळणार. भरपूर झाले. म्हणजे केबल ठीक, व्होल्टेज ठीक, उरली मोटार. कपॅसिटर बदलून बघितला, फरक नाही. "आबा, मोटारीतच दम राहिला न्हाई," मी सांगून टाकलं. आबांनी उसाचं बिल यायच्या आधीच उसनवारी करून नवी मोटार आणली. ती सोडली, संध्याकाळी बटण दाबलं, तर नवीपण हुं हुं.

शेजारच्या गावात एक निवृत्त वायरमन राहायचे. आबांनी त्यांना मोटारसायकलवर बसवून आणलं. ते मीटरलाही शिवले नाहीत. केबल कुठून कुठं गेलीय ते बघितलं आणि मला विचारलं, "वायर जाऊन-येऊन किती मीटर?"

जाऊन-येऊन सहाशे. करंट एका तारेनं जातो आणि दुसरीनं परत येतो, रेझिस्टन्स दोन्ही तारांचा धरायचा. मी फक्त जायचा धरला होता. म्हणजे 4.4 ओहम आणि चालत्या मोटारीला पंधरा नाही, एकतीस व्होल्ट कमी. शिवाय सात अँपिअर हा मोटार फिरत असतानाचा करंट. थांबलेली मोटार उचलताना चार-पाच पट करंट ओढते. पंचवीस अँपिअर धरा, 4.4 नं गुणा, एकशे दहा व्होल्ट नुसते केबलमध्येच गेले. संध्याकाळी खोलीतच दोनशे-दोनशेदहा असायचे, त्यातले एकशे दहा गेल्यावर विहिरीच्या तळाशी उरले किती? असल्या मोटारीचं व्होल्टेज निम्म्यावर आलं की तिचा उचलायचा जोर पावावर येतो. ती हुं हुं करणार नाही तर काय करणार? आणि चालू असतानाही सात अँपिअरचा वर्ग गुणिले 4.4 म्हणजे दोनशेच्या वर वॉट केबल तापवण्यात जात होते, त्याचं बिल आबा भरत होते.

मी 228 व्होल्ट मोजले ते मोटार बंद असताना. करंटच नाही तर केबलमध्ये पडणार काय? त्या घडीला मी विहिरीच्या काठावर जाऊन मोजलं असतं तरी 228 च दिसले असते. म्हणजे व्होल्टेज मी खोलीतलं घेतलं, तेही बंद मोटारीचं, आणि करंट घेतला विहिरीतल्या चालत्या मोटारीचा. दोघांची गाठ कागदावर घालून दिली. सहा एमएमची केबल टाकल्यावर जुनी मोटार, जिच्यात दम राहिला नव्हता ती, संध्याकाळीही चालायला लागली. नवी मोटार दुकानदारानं परत घेतली नाही. तिचे निम्मे पैसे मी दिले, उरलेले निम्मे आबांच्या मनात आहेत. बैलपोळ्याला भेटले की मोटारीची चौकशी मीच करतो, ते करत नाहीत.

तेव्हापासून दुकानात एक सवय लावून घेतली. ज्याचा रेझिस्टन्स किंवा वॉट काढायचे, व्होल्टेज त्याच्याच दोन टोकांचं घ्यायचं, करंट त्याच्यातूनच जाणारा घ्यायचा आणि दोन्ही एकाच वेळी बघायचे. सवय लागली असं मला वाटत होतं. आत्याच्या घरी ती विसरलो.

आत्याचं घर जुनं, वायरिंग ॲल्युमिनियमच्या जमान्यातलं. मामांनी पुढं न्हाणीघरात गिझर बसवला, 2,000 वॉटचा. ते काम मीच केलं होतं. काही महिन्यांनी आत्या म्हणाली, पिन गरम लागते. मी तिला म्हटलं, पॉवरचा प्लग आहे, जरा गरम व्हायचाच. हे वाक्य आमच्या धंद्यात सगळे जण म्हणतात, आणि ते म्हणून विषय मिटवता येतो एवढाच त्याचा उपयोग.

मग श्रावणात तिचा फोन. "अरे, माझ्या न्हाणीघरात मासळीचा वास कुठनं येतोय? शेजारीपण कुणी करत न्हाई आत्ता." मी हसलो. आत्याच्या घरात श्रावणच काय, बारा महिने मासळी शिजत नाही. मांजरानं काही आणलं असेल, म्हटलं. तरी ती ऐकेना म्हणून गेलो. क्लँप मीटर फेजच्या वायरीवर लावला. साडेआठ अँपिअर. 230 गुणिले 8.5 म्हणजे 1,955 वॉट. गिझरवर लिहिलंय 2,000. म्हणजे जास्त खात नाही, उलट किंचित कमीच. एमसीबी सोळाची, तीही कधी पडलेली नाही. तिच्या समाधानासाठी मेन बंद करून मल्टिमीटरनं बोर्डापासून सॉकेटपर्यंतची वायर ओहमवर तपासली. 0.9 आलं. मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तरी 0.4 येतंच. राहिला अर्धा ओहम. एवढं तर स्वस्त मीटर असाच इकडं-तिकडं करतो. "काही नाही गं आत्या, सगळं व्यवस्थित आहे." चहा घेतला, निघालो.

आठ-दहा दिवसांत सॉकेट काळं पडून धुरायला लागलं. आत्या आंघोळीला गेलेली. धूर बघून मामांनी मेन पाडला म्हणून वाचलो. मी जाऊन पेटी उघडली तेव्हा तोच वास नाकात घुसला, बाजारात मासळीच्या टोपल्यांजवळून जाताना येतो तसला. स्विच-सॉकेटचं बेकेलाइट आणि त्या जातीचं प्लॅस्टिक फार तापलं की असा वास सुटतो. धंद्यात इतकी वर्षं काढून मला ते ठाऊक नव्हतं आणि मासळी कधी न शिजवलेल्या आत्याला वास बरोबर ओळखता आला होता.

सॉकेटच्या मागं काय होतं? जुनी ॲल्युमिनियमची वायर तोकडी पडली म्हणून तिला तांब्याचा तुकडा पीळ मारून जोडलेला, वर काळी टेप. जोड माझाच. टेप वितळून टणक झाली होती, ती सोलली तर आत ॲल्युमिनियमवर राखेसारखा पांढरट थर आणि तांब्याचा रंग जांभळा-काळा. ॲल्युमिनियमवर हवेनं जो पातळ थर चढतो त्यातून करंट नीट जात नाही. त्यात दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत. रोज सकाळी गिझर लागायचा, जोड तापायचा, निवायचा, दर खेपेला जरासा सैल व्हायचा. सैल झाला की रेझिस्टन्स वाढायचा आणि आणखी तापायचा.

मी ज्याला मीटरचं इकडं-तिकडं म्हणून सोडून दिलं तो अर्धा ओहम म्हणजे हाच जोड. हिशेब बघा. गिझरच्या कॉइलचा रेझिस्टन्स 26.45 ओहम. त्यात जोडाचा अर्धा मिळवला की 26.95. 230 ला त्यानं भागलं की 8.53 अँपिअर, क्लँप मीटरनं दाखवले तेवढेच. जोडावर पडणारं व्होल्टेज सव्वाचार. सव्वाचार गुणिले साडेआठ म्हणजे छत्तीस वॉट. आम्ही झाळ लावायला जे सोल्डरिंग आयर्न वापरतो ते पंचवीस वॉटचं असतं. त्याहून तापट काहीतरी आत्याच्या भिंतीतल्या पेटीत रोज सकाळी अर्धा तास पेटत होतं. आणि एमसीबी पडणार कशी? जोड बिघडला की करंट वाढत नाही, घटतो. मी "किंचित कमीच आहे" म्हणून ज्याच्यावर समाधान मानलं तो कमी झालेला आकडाच बिघाडाची खूण होता.

मी 230 घेतले ते आख्ख्या घराचे. त्या जोडाच्या वाट्याला त्यातले सव्वाचार होते आणि तेच मोजायचे राहिले. गिझर चालू ठेवून जोडाच्या अलीकडं-पलीकडं मीटरची टोकं लावली असती तर ते साध्या मीटरवरही स्पष्ट दिसले असते. दोनशे ओहमच्या रेंजवर अर्धा ओहम धूसर दिसतो, वीस व्होल्टच्या रेंजवर सव्वाचार व्होल्ट लपत नाहीत. (हे चालू विजेवरचं काम आहे. घरच्यांनी करायचं नाही, वायरमनला सांगायचं.) आत्याच्या घरात आता बोर्डापासून गिझरपर्यंत चार एमएमची एकसलग तांब्याची वायर आहे, मधे कुठंही जोड नाही. ती मला एका शब्दानंही बोलली नाही. मामांनी मात्र अजून पेटीला नाक लावून हुंगायची सवय सोडलेली नाही.

गिरणीवाल्या अण्णांचं प्रकरण हसण्यावारी नेता येतं, निदान आता तरी. त्यांची दहा एचपीची थ्री फेज मोटार. बिल जास्त येतंय, जरा बघ, म्हणाले. मी तिन्ही फेजवर क्लँप लावला, प्रत्येकी चौदा अँपिअर. व्होल्टेज 415, थेट मोटारीच्या टर्मिनलवर. या खेपेला जागा बरोबर, वेळ बरोबर, मोटार चालू. 1.732 गुणिले 415 गुणिले 14, दहा हजार वॉट. म्हणजे तासाला दहा युनिट. मीटरवर तासाचं रीडिंग घेतलं तर फक्त आठ. मी अण्णांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "तुमचं मीटर मागं पडतंय. बिलाची तक्रार करू नका, गप्प बसा."

अण्णा सरळ माणूस. त्यांची झोपच उडाली. उद्या तपासणी झाली तर वीजचोरीचा आळ यायचा, या धास्तीनं ते रीडिंग घ्यायला आलेल्या पोराला चहा-बिस्किट द्यायला लागले. पोराला कारण कळेना. हे पुष्कळ दिवस चाललं.

आकडे एकाच जागेचे आणि एकाच वेळचे असले तरी मोटारीत एक घोळ शिल्लक राहतो. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागं-पुढं होते. शेगडीत व्होल्टेज आणि करंट बरोबरीनं चढतात, बरोबरीनं उतरतात. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये करंट जरा मागून येतो. व्होल्टेज शिखरावर असतं तेव्हा करंट अजून चढत असतो. काही क्षणी तर वाइंडिंग घेतलेली वीज परत लाईनीत ढकलतं. मीटर दोघांची शिखरं वेगवेगळी बघून आकडे दाखवतो, ती शिखरं एका क्षणाला आलीच नाहीत हे त्याला कळत नाही. म्हणून गुणाकाराला पॉवर फॅक्टरनं पुन्हा गुणावं लागतं. अण्णांच्या मोटारीचा तो 0.8. दहा हजार गुणिले 0.8, आठ हजार वॉट, तासाला आठ युनिट. मीटर चोख होतं. पॉवर फॅक्टरचा धडा मी शिकलो नव्हतो असं नाही, तो मला तेव्हा तोंडपाठ म्हणता आला असता. एके दिवशी बेअरिंग बदलायला गेलो आणि मोटारीच्या पाटीवरचा पिठाचा थर फडक्यानं पुसला, तर तिथं ठोकून लिहिलेलं, पी.एफ. 0.8. त्याच फडक्यानं कपाळ पुसलं आणि अण्णांना सांगायला गेलो. ते आधी रागावले, मग म्हणाले, म्हणजे बिल खरंच तेवढं येतं होय?

आता सौरपंपांचे दिवस आलेत. मागच्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याच्या तीन एचपीच्या सौरपंपाला पाणी कमी येतंय म्हणून बोलावलं. पॅनेल बांधाच्या वर, विहीर खाली, मधे ऊस. पॅनेलकडून येणाऱ्या वायरीवर मी माझा जुना क्लँप मीटर लावला. शून्य. दुसऱ्या वायरीवर लावला. शून्य. व्होल्टेज साडेतीनशेच्या वर, करंट शून्य, म्हणजे वॉट शून्य. पॅनेलमधनं काही येतच नाही, कनेक्टर सुटला असणार, असं ठरवून मी तो काढायला ओढला. तोंडासमोर करवंदाएवढी निळी ज्वाळ लागली आणि ती विझेना, कनेक्टर जितका लांब ओढावा तितकी लांबत गेली. एसीची ठिणगी सेकंदाला शंभर वेळा आपली आपण मरते, डीसीला तसली उसंत नसते. हात झटकून मागं सरलो तेव्हा उसापलीकडून शेतकऱ्याचं पोरगं ओरडलं, "काका, पाणी बंद झालं!"

म्हणजे इतका वेळ पाणी येत होतं, मोटार चालू होती, आठ-एक अँपिअर त्या वायरीतून जात होते. माझा क्लँप एसीचा. बदलणारा करंट असला तरच त्याला दिसतो, सरळ वाहणारा डीसी त्याच्या लेखी नाहीच. शून्य बघून मी वायर मेलेली धरली. पाणी कमी येण्याचं कारण पॅनेलवरचा धुळीचा थर होता. पोरानं कंट्रोलर बंद करून, काचा निवल्यावर संध्याकाळी पाणी मारून तो धुतला. त्यासाठी मला बोलावायची गरज नव्हती. कनेक्टर मात्र माझ्या खर्चानं बदलून दिला.

डीसीवर चालणारा क्लँप मीटर सांगलीहून आणला आणि पहिल्यांदा त्याच पंपावर लावला. पोरगं बाजूलाच उभं. ते आता आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियन ट्रेड. मीटरवर आलं वजा 7.9.

"काका, करंट परत पॅनेलमधी चाललाय व्हय?"

"न्हाई," मी म्हटलं, "क्लँपवरचा बाण उलटा धरलाय."